आईचा गुरुवार

आमच्या घरातला प्रत्येक वाढदिवस गुरुवारी यायचा. माझा, भावाचा, अगदी अण्णांचासुद्धा. अण्णा म्हणजे आमचे वडील, आणि त्यांची जन्मतारीख तर गावच्या गुरुजींनी अंदाजानेच लावलेली होती. कॅलेंडरात वाढदिवस सोमवारी पडो की शनिवारी, आमच्याकडे तो पुढच्या गुरुवारी साजरा व्हायचा, कारण अण्णांच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी. बाहेरगावच्या माणसाला हे सांगून पटत नाही, पण आमच्याकडे पिंपरी-चिंचवडला, भोसरीला कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो. विजेचा भार विभागायचा म्हणून कधीतरी कुणीतरी सुट्टीचे वार वाटून दिले, आमच्या वाट्याला गुरुवार आला आणि आम्ही सगळे त्याला बांधले गेलो. शाळेत बाईंनी एकदा विचारलं, तुझा वाढदिवस कधी असतो गं? मी म्हणाले, गुरुवारी. वर्ग खदाखदा हसला. बाईंना एवढं साधं कसं कळत नाही, असं वाटून मला त्यांचीच कीव आली होती.

वाढदिवसाचंच काय, सगळंच गुरुवारी. भावाचं जावळ गुरुवारी काढलं. घरात पहिला गॅस आला तो गुरुवारी, कारण सिलिंडर उचलायला अण्णा घरी हवेत. मी पहिल्यांदा साडी नेसले, भावाने पहिल्यांदा चोरून दाढी केली आणि हनुवटीवर कापून घेतलं, अण्णांना चाळिशीचा चष्मा लागला आणि तो लावून त्यांनी आम्हा सगळ्यांकडे नवीन माणसं बघावीत तसं बघितलं, हे सगळे गुरुवार मला आठवतात. माझ्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा भटजींना गुरुवारचाच शोधायला लावला होता. लातूरकडचे नातेवाईक चिडले, आडवारी कुणी लग्न ठेवतं का म्हणाले. पण कंपनीतली झाडून सगळी माणसं आली. आम्हाला तीच जवळची होती. फक्त एका बाबतीत या वाराने आमच्यावर अन्याय केला. सुट्टीच्या दिवशी मटण नाही. अण्णा दर आठवड्याला हळहळायचे. देवाने आणि वीज मंडळाने मिळून आपल्याविरुद्ध कट केलाय, असं ते म्हणायचे.

आणि या सगळ्या गुरुवारांत आई जेवली नाही. तिचा उपास असायचा, तोही दोन्ही वेळचा, शुक्रवारी सकाळी सोडायचा. माझ्या वाढदिवसाची बासुंदी ढवळताना तिचा हात भरून यायचा, पण चाखून बघायला ती मला बोलवायची. पुऱ्या तळायची, वाढायची, आग्रह करायची, आणि आमची ताटं उचलून घासायला बसायची. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. पण अक्कल आली तशी ती गोष्ट मला बोचायला लागली. माझ्या घरातल्या प्रत्येक आनंदाच्या दिवशी माझी आई उपाशी होती. आईने एकदा, फक्त एकदा, गुरुवारी आमच्या पंगतीला बसून जेवावं, एवढंच मला हवं होतं. भावाला तेच हवं होतं. अण्णांना तर आमच्यापेक्षा जास्त हवं होतं, कारण उपास त्यांच्यासाठी होता.

त्याचं असं झालं. मी अगदी लहान असताना आम्ही दिघीला भाड्याच्या खोलीत राहायचो. लष्कराच्या तारेच्या कुंपणापासून थोडं अलीकडे एका जुन्या शेतकरी घराने गोठा पाडून ओळीने खोल्या बांधल्या होत्या, त्यातली शेवटची आमची. अण्णा तेव्हा नुकतेच प्रेसवर लागले होते. प्रेस म्हणजे पत्रा कापणारं, दाबणारं मशीन. पत्रा आत सरकवायचा, पायाने दाबायचं, वरचा भाग धाडकन खाली येतो, आणि तो यायच्या आत हात बाहेर काढायचा. दिवसभर हेच. एक दिवस आमच्या शेजारच्या खोलीतले काका हाताला भलं मोठं बँडेज गुंडाळून घरी आले. त्यांची दोन बोटं गेली होती. त्या दिवसापासून आई अण्णांना कामावर पाठवायलाच तयार होईना. त्यांच्या डब्याची पिशवी लपवून ठेवायची. मग घरमालकिणीने तिला समोर बसवून घेतलं.

"अगं, असं रडून कुटं चाकरी हुती का? गुरवार धर. दत्तमाराज हायेत. नवरा कामावर हाय तवर धरायचा, मधी सोडायचा न्हाई. बोटं शाबूत ऱ्हातील बघ."

आईने गुरुवार धरला. आणि एक सवय लावून घेतली. अण्णा कुठल्याही शिफ्टहून आले की ती दारातच डब्याची पिशवी घ्यायची, आणि पिशवी घेता घेता त्यांचे हात बघायची. आधी उजवा, मग डावा. मगच आत पाणी द्यायला जायची. अण्णाही हात पुढे करायचे. भाऊ लहानपणी शाळेतून आला की तोही दारात दोन्ही हात पुढे करून उभा राहायचा. घरात शिरायची तीच रीत आहे, असं त्याला वाटायचं.

आईचा उपास सुरू झाला आणि अण्णा अस्वस्थ झाले. आपल्यासाठी बायको उपाशी आणि आपण सुट्टीच्या दिवशी गोडधोड हाणतो, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. उपास सोड म्हणावं तर तिची भीती खरी होती, ते त्यांनाही माहीत होतं. मग एका गुरुवारी ते स्वतः साबुदाण्याची खिचडी करायला बसले. पहिल्या दिवशी नुसता गोळा झाला, पातेलं उलटं केलं तरी पडेना. दुसऱ्या आठवड्यात साबुदाणा कच्चा राहिला आणि दाताखाली कचकचला. शेवटी कंपनीच्या कँटीनमधल्या आचाऱ्याने त्यांना शिकवलं की साबुदाणा धुऊन भिजत घालावा, पाणी अगदी बेताचं, वर दिसेल इतकं नको, आणि दाण्याचं कूट आधी साबुदाण्याला चोळून घ्यावं. तिथून पुढे अण्णांची खिचडी अशी काही जमली की मला आजही हॉटेलातली घशाखाली उतरत नाही.

आमची शाळा सकाळची. आम्ही घरी यायचो तेव्हा गुरुवार असल्यामुळे वीज गेलेली असायची. दुरुस्तीच्या नावाखाली आमच्याकडे त्याच दिवशी वीज घालवतात. पंखा बंद, खोलीत धग, म्हणून आई बाहेरच्या पायरीवर बसायची. अण्णा आतून खिचडीचं ताट आणायचे, वर लिंबाची फोड, बाजूला दही. "बस आता. उठलीस तर बघ," असा दम भरायचे आणि आम्हाला सांगायचे, "आई जेवून होईपर्यंत कुणी हाक मारायची नाही." मग आम्ही आत अंधारात गुपचूप बसायचो. दारातून आईची पाठ दिसायची. ती फार हळू खायची. एकेक दाणा वेगळा करून खायची म्हटलं तरी चालेल. तिचं झालं की ती उठायची, पदर खोचायची आणि आमची पानं घ्यायची. आत बासुंदी, श्रीखंड, पुरणाची पोळी, आणि ही माझी आई बाहेर पायरीवर एकटी साबुदाणा चिवडत बसलेली. मला त्या पाठीकडे बघून गलबलून यायचं.

मोठी झाल्यावर मी भांडायला लागले. माझा स्वभाव मुळात तापट, नाकावर राग. देवाधर्माचं मला वावडं नाही, पण आईच्या या उपासाचं होतं. माझ्या लग्नात माझी आई दोन केळी खाऊन राहिली. सासरची माणसं विचारायला लागली, विहीणबाई पंगतीला का बसत नाहीत, काही रुसवा आहे का? मी शालू सावरत तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आजच्या दिवस तरी सोड." ती म्हणाली, "आज सोडू आन् उद्या प्रेसवर काय झालं तर? तुझं लग्न लागलंय, तू जेव बाई." माझ्या मुलीच्या बारशालाही तेच. बारसंही अर्थात गुरुवारीच, खरा बारावा दिवस कधीच उलटून गेला होता. पाळण्याची दोरी ओढून सगळ्या बायका जेवायला बसल्या आणि आई हातात जिलेबीचं ताट घेऊन उभी. आमच्या घरातले अल्बम काढून बघा. प्रत्येक फोटोत आई आहे, आणि प्रत्येक फोटोत ती उभी आहे. मी एकदा रागाच्या भरात म्हणालेसुद्धा, की अण्णांची बोटं वाचवायला कंपनीने चांगली मशीनं आणावीत, माझ्या आईने का उपाशी मरावं? अण्णा उठून साबुदाणा धुवायला गेले.

अण्णा रिटायर झाले तो दिवस मला लख्ख आठवतो. कंपनीतली मंडळी त्यांना हार घालून, नारळ-शाल देऊन, गाडीतून घरी सोडायला आली. तोवर आम्ही दिघीतच तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट घेतला होता. जिना चढून अण्णा दारात आले. मागे पंधरावीस माणसं, कुणी घोषणा देतंय, कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढतंय. आईने पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण त्या दिवशी पिशवी नव्हती. तेव्हा तिने सगळ्यांसमोर त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. दहाच्या दहा बोटं. आयुष्यात कधी चारचौघांत नवऱ्याच्या शेजारीसुद्धा न बसलेली माझी आई त्यांचे हात धरून ढसाढसा रडली. घोषणा देणाऱ्यांनी हात खाली घेतले. त्यांतल्या एका म्हाताऱ्या माणसाने आपला हात हळूच खिशात घातला.

आता उपासाचं उद्यापन करायचं, हे सगळ्यांच्या डोक्यात एकदमच आलं. नवस फिटला, नवरा धडधाकट घरी आला, आता देवाची पूजा करायची, मेहुणं जेवू घालायची आणि उपास सोडायचा. भाऊ आयटीत, त्याची सुट्टी शनिवार-रविवार. तरी त्याने गुरुवारची रजा टाकली. मी घरीच मोशीला शिकवण्या घेते, नवरा चाकणच्या कंपनीत, त्यामुळे आमचा गुरुवार मोकळाच. सगळे तयार. पण आईचं काही जमेना. आधी म्हणाली, अधिक महिना आहे. मग गुडघा दुखतोय म्हणाली. मग गावाकडे कुणा लांबच्या भावकीत कुणी गेलं, तर त्याचं सुतक काढून बसली. ज्या चुलत-चुलत सासऱ्याचं नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं, त्याच्यासाठी ती चांगली तेरा दिवस अडून राहिली. आम्ही हसलो. किती हळवी आहे, केवढी श्रद्धा आहे, देवाला सोडवत नाही तिला, असं आम्ही एकमेकांना कौतुकाने सांगत होतो. शेवटी अण्णांनीच भटजी ठरवले आणि सामान आणून टाकलं. मग तिचा नाइलाज झाला.

उद्यापन झालं. पूजा झाली, आरती झाली, मेहुणं जेवली. आणि मग डायनिंग टेबल बाजूला सारून आम्ही खाली पाट मांडले, मधल्या पाटाभोवती रांगोळी काढली आणि आईला बसवलं. पुरणाची पोळी, त्यावर तुपाची धार. अण्णांनी पहिला घास भरवला. भावाने फोटो काढला. अखेर एक बसलेला फोटो! मला इतका आनंद झाला की माझ्याच्याने नीट जेववलं नाही. आईने अर्धी पोळी खाल्ली, इकडे-तिकडे बघितलं, आणि "भाताला तूप कुणाला पायजे?" म्हणत उठली. आम्ही तिला ओढून खाली बसवलं. ती पुन्हा उठली. सवय नाही, होईल हळूहळू, असं म्हणून आम्ही समजूत घालून घेतली.

पण पुढे काहीतरी बिनसलंच. पुढचे गुरुवार आले आणि गेले. अण्णांना आता रोजच सुट्टी, त्यामुळे गुरुवारचं त्यांना काही सोयरसुतक उरलं नाही. खुर्चीत बसून टीव्ही, तीनदा चहा, आणि दुपारी ताटाची वाट बघणं. सुट्टीमुळे कंपन्यांची गेटं बंद असायची, पण आमच्या घरात आईचा गॅस गुरुवारीही इतर दिवसांसारखाच पेटायचा, सकाळी सहापासून. ती सगळ्यांना वाढायची, मग उरलंसुरलं घेऊन ओट्याशी उभ्याउभ्या खायची. उपास नाही म्हणून कुणी काळजी करायची नाही, आणि उपास नाही म्हणून कुणी विचारायचं नाही. आईची चिडचिड सुरू झाली. भांडी आपटायला लागली. अण्णांनी चहा मागितला की "हात नाहीत का तुम्हाला?" असं विचारायला लागली. ज्या हातांसाठी एवढं केलं, त्यांच्याबद्दल असं! आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. थायरॉइड तपासलं, व्हिटॅमिन तपासलं. सगळं ठीक. भाऊ म्हणाला, कुठेतरी फिरवून आणू. आळंदीला नेऊन आणलं, घाटावर बसवलं. ती इंद्रायणीकडे बघत बसली आणि तासाभराने म्हणाली, "चला, कुकर लावायचाय." अण्णा मला फोनवर म्हणाले, "उपास सुटला आणि बाई बिघडली गं."

त्याच सुमारास माझ्या मुलीला चाकणला नोकरी लागली. तिने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ट्रेनी, आणि बाईसाहेबांचं काम कुठे, तर प्रेसच्या लाइनवर. पहिल्या दिवशी जाड बूट, टोपी, गळ्यात ओळखपत्र अशा थाटात ती मोशीच्या नाक्यावर कंपनीच्या बसमध्ये चढली, आणि मी खाली उभी राहून बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होते. घरी येऊन आईला फोन केला. आई म्हणाली, "प्रेसवर?" मी म्हटलं हो. ती म्हणाली, "मग आता गुरुवार धरावा लागतो."

मी फोनवरच तिच्यावर डाफरले. आत्ताशी सुटलीस, पुन्हा तेच? पण ती बधली नाही. त्या गुरुवारी मी भांडायच्या तयारीनेच दिघीला गेले. दार उघडलं तर आतून जिऱ्याच्या फोडणीचा वास. अण्णा ओट्याशी उभे, टीव्ही बंद. खिचडी परतता परतता माझ्याकडे बघून म्हणाले, "तिकडे गॅलरीत आहे. थांब, ताट नेऊन देतो, मग बोल तिच्याशी." आणि खरं सांगते, कितीतरी महिन्यांनी मला अण्णांच्या अंगात जीव आल्यासारखा वाटला.

आई गॅलरीत स्टुलावर बसली होती. समोर लष्कराच्या जागेतली झाडं. अण्णा ताट ठेवून आत गेले. तिने लिंबू पिळलं. मी शेजारी जमिनीवर बसले. भांडायला आलेली मी, पण तिचा चेहरा बघून माझा आवाजच चढेना. तो चेहरा उपाशी बाईचा नव्हता.

"आई, खरं सांग. पोरीसाठी धरलास उपास?"

"तिच्यासाठीच की. लेकरू प्रेसवर जायलंय. जीव टांगणीला लागत नाही का?"

"तेवढ्यासाठीच?"

तिने घास दह्यात बुडवला. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"ह्यांच्यासाठी धरला ना, तवा खराच धरला बघ. देवाशपथ. भीतीनं झोप नव्हती मला. पण पुढं पुढं... आता कसं सांगावं तुला. बरं वाटायलं गं. सगळ्यांच्या आधी माझं ताट यायचं. कुणीतरी बस म्हणायचं. ते ताट मी केलेलं नसायचं. तुम्ही पोरं हाका मारायचा नाहीत. आठवडाभर मी त्या पायरीची वाट बघायची."

मी जिच्या पाठीकडे बघून रडायचे, ती पाठ तिकडे सुखात बसलेली होती. तिचा चेहरा पायरीच्या बाजूने कसा दिसतो, हे बघायला आम्ही कुणी कधी गेलोच नव्हतो.

"मग उद्यापनाच्या वेळी सांगायचंस ना, नको म्हणून."

"काय सांगू? तुम्ही सगळे एवढे खूश. ह्यांनी घास भरवला, डोळ्यांत पाणी. तेव्हा सांगू का, मला दुपारचं जरासं एकटं बसायचंय, म्हणून देवाला मधी घातलाय?"

"मग रोज बस की. उपास कशाला हवा त्याला? अण्णा आहेत, मी सांगते त्यांना."

आईने तेव्हा माझ्याकडे बघितलं. "तू बसतीस का?"

माझ्या डोळ्यांसमोर माझा ओटा आला, त्यावरचं माझं अर्धवट ताट आलं, शिकवणीची पोरं यायच्या आत दोन घासांत उरकलेलं जेवण आलं. आईने माझ्या हातावर खिचडीचा एक घास ठेवला आणि म्हणाली, "पोरीचं नाव घेतलं की कुणी काही म्हणत नाही. स्वतःसाठी म्हटलं की घरादाराला प्रश्न पडतो." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. भाजी कुठल्या दुकानात चांगली मिळते, ते सांगावं तितक्या सहज ती बोलली. मला मात्र रडू आलं. मी ते तिला दाखवलं नाही.

हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. अण्णांना तर मुळीच नाही. इतकी वर्षं त्यांनी तिच्या त्यागाची खिचडी केली, ती तिच्या आवडीची होती हे ऐकून त्यांना आनंद झाला असता की वाईट वाटलं असतं, मला सांगता येत नाही.

पण गोष्ट तिथे थांबायची नव्हती. माझी मुलगी. तिच्या कंपनीची सुट्टीही गुरुवारीच. एका गुरुवारी ती माझ्याबरोबर आजीकडे आली, आणि आजी आपल्यासाठी उपाशी राहते हे तिला त्या दिवशी कळलं. झालं. माझाच राग तिच्या नाकावर उतरलाय, त्यामुळे ती तडक गॅलरीत गेली. मी मागोमाग धावले. आई नुकतीच ताट घेऊन बसली होती.

"आजी, तू माझ्यासाठी जेवत नाहीस? अगं, काय हे! आमची प्रेस तशी नाहीये आजोबांसारखी. दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खाली येतच नाही. हात आत राहीलच कसा? वर सेन्सर आहे. कुणी नुसतं बोट जरी आत घातलं ना, तरी सगळं जागच्या जागी बंद. मी तुला व्हिडिओ दाखवते. काहीही होणार नाही मला. तू आजच सोड हा उपास."

ती खाली बसली, मोबाईल काढला, आणि आजीला नीट समजावून सांगायला लागली. प्रत्येक शब्द खरा होता. माझ्या आईला तो पटतही होता, हे मला दिसत होतं, कारण तिचा घास हातातच राहिला. आता नातीला धोका नाही म्हटल्यावर उपासाला कारण नाही. आणि कारण नाही म्हटल्यावर ती या वयात, या सगळ्या प्रेमळ माणसांना, काय सांगणार होती? तिने ताट हळूच मांडीवरून खाली ठेवलं. ती उठायच्या बेतात होती.

"एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतात लोक," मी म्हणाले.

मुलीने मान वर केली. "काय?"

"काम भराभर व्हावं म्हणून. एक बटण चिकटवून टाकायचं आणि एकाच हाताने मशीन चालवायचं. सगळीकडे करतात. मला माहीत आहे."

"आमच्याकडे चालत नाही तसं. मम्मी, सुपरवायझर..."

"सेन्सर बिघडतात. सुपरवायझर चहाला जातात. वरून क्रेन फिरते, ट्रॉल्या फिरतात. तुला काय कळतंय, लागून चार दिवस नाही झाले." मी जे तोंडात येईल ते बोलत होते. "आजीला भीती वाटते ना? मग वाटू दे. राहू दे तिचा उपास."

"पण तूच सगळ्यात जास्त विरोधात होतीस! तूच भांडायचीस ना तिच्याशी?"

"भांडायचे," मी म्हणाले. "ऊठ."

आईने ताट पुन्हा मांडीवर घेतलं होतं. ती आमच्याकडे बघत नव्हती. माझी मुलगी तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होती. मी तिच्या हाताला धरून तिला आत आणलं आणि गॅलरीचं दार हळूच लोटून घेतलं.